ग्रीक अक्षरांची घाई

ऑगस्टचा मध्य. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातलं टस्कलूसा गाव उन्हानं भाजून निघालंय. विद्यापीठाचे वर्ग सुरू व्हायला अजून अवकाश आहे, पण पांढऱ्या खांबांच्या भल्यामोठ्या बंगल्यांसमोर मुलींच्या रांगा लागल्यात. कुणाच्या हातात बॅटरीवरचा छोटा पंखा, कुणाच्या पिशवीत चपलांचा जादा जोड. ठरलेल्या मिनिटाला बंगल्याचं दार उघडतं आणि चौकटीत दाटीवाटीनं उभ्या असलेल्या मुली टाळ्या वाजवत, एका सुरात गात बाहेरच्यांचं स्वागत करतात.

खरी कारागिरी आत असते. आलेल्या प्रत्येक मुलीला दारातच एक यजमानीण गाठते, आत नेते आणि बोलायला लागते : गाव कुठलं, विषय कोणता, सुट्टीत काय केलंस. चार-पाच मिनिटं झाली की दुसरी यजमानीण अलगद शेजारी येऊन उभी राहते, बोलण्याचा धागा उचलते, आणि पहिली तितक्याच अलगद नाहीशी होते. पाहुणी क्षणभरही एकटी पडत नाही. नाहीशी झालेली मात्र मोकळी नसते. नुकत्याच भेटलेल्या मुलीबद्दल ती आठवणीनं नोंद करते, तिला गुण देते, आणि पुढच्या पाहुणीकडे वळते. ही अदलाबदल बेमालूम व्हावी म्हणून घरातल्या जुन्या मुली कॉलेज उघडण्याआधीच परत येऊन तालमी करतात. कुणी कुणाच्या मागून, कुठल्या बाजूनं यायचं, हेसुद्धा आधी ठरलेलं असतं.

याला म्हणतात 'रश'. फ्रॅटर्निटी म्हणजे मुलग्यांची आणि सोरोरिटी म्हणजे मुलींची बंधुमंडळं-भगिनीमंडळं. प्रत्येकाचं नाव दोन-तीन ग्रीक अक्षरांचं, बहुतेकांचं स्वतःचं घर, स्वतःची खानावळ, स्वतःचे विधी, आणि आयुष्यभर पुरणारी ओळखीपाळखीची शिदोरी. या मंडळांत नवे सदस्य निवडण्याचा हंगाम म्हणजे रश. कागदोपत्री त्याला आता 'रिक्रूटमेंट' म्हणतात, पण तोंडात रशच बसलाय. अलाबामा विद्यापीठात एका हंगामात अडीच हजारांच्या आसपास मुली यातून जातात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे टिकटॉकवरचे व्हिडिओ जगभर पाहिले गेले आणि टस्कलूसा हे नाव कधी न ऐकलेल्यांनाही या बंगल्यांची नावं पाठ झाली. शेवटच्या दिवशी मुली फुटबॉलच्या ब्रायंट-डेनी स्टेडियममध्ये जमतात, आपापली पाकिटं एकाच वेळी उघडतात, आणि ज्या घराचं आमंत्रण निघालं त्या घराकडे धावत सुटतात. त्या आमंत्रणाला 'बिड' म्हणतात.

हे सगळं पाहताना एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. या मुलींनी रशसाठी एकही तास बुडवलेला नाही, कारण त्यांच्या कॉलेजात अजून एकही तास झालेलाच नाही. पहिला प्राध्यापक दिसायच्या आत त्यांनी पुढची चार वर्षं कुणाबरोबर जेवायचं, राहायचं, हिंडायचं हे ठरवून टाकलंय. अभ्यास आणि रश यांचा मेळ कसा घालायचा, असा प्रश्न अमेरिकेतल्या लाखो विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना पडतो. पण त्याहून चक्रावून टाकणारा प्रश्न हा, की ही निवड इतकी आधी कशी येऊन बसली?

या ग्रीक अक्षरांचा माग काढत गेलं की आपण भलत्याच ठिकाणी पोचतो : अभ्यासू पोरांच्या वादसभेत. ५ डिसेंबर १७७६. अमेरिकेनं स्वातंत्र्य जाहीर करून जेमतेम पाच महिने झालेले. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग गावी, विल्यम अँड मेरी कॉलेजातल्या पाच विद्यार्थ्यांनी 'फाय बीटा कॅपा' नावाची गुप्त मंडळी स्थापन केली. ज्ञानाची ओढ हीच आयुष्याची वाट दाखवते, अशा अर्थाच्या ग्रीक ब्रीदवाक्यातल्या तीन शब्दांची ही आद्याक्षरं. शपथ होती, हस्तांदोलनाची खास खूण होती, आणि मुख्य काम होतं वादविवाद. काही वर्षांतच येल आणि हार्वर्डमध्ये तिच्या शाखा निघाल्या. पुढे देशभर गुप्त मंडळांविरुद्ध, विशेषतः फ्रीमेसनांविरुद्ध, वारं फिरलं. त्या लाटेत १८३१ मध्ये हार्वर्डच्या शाखेनं गुप्तता सोडली. आज फाय बीटा कॅपा ही अमेरिकेतली सर्वांत जुनी गुणवंतांची संस्था आहे, आणि तिच्यात शिरायला रश नसतो, उत्तम गुण लागतात.

म्हणजे अक्षरं, शपथ, खूण, गुप्तता हे सगळं सामान अभ्यासाच्या घरात तयार झालं. ते उचलून वेगळा संसार थाटला न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावच्या युनियन कॉलेजातल्या मुलांनी. १८२५ मध्ये 'कॅपा अल्फा', १८२७ मध्ये 'सिग्मा फाय' आणि 'डेल्टा फाय'. वादसभा मागे पडली, मैत्री आणि मौज पुढे आली. ओहायोतल्या मायामी विद्यापीठात १८३९ ते १८५५ या काळात आणखी तीन मोठ्या फ्रॅटर्निटी जन्मल्या आणि तिथून हे पीक देशभर फोफावलं. मुलींनीही वाट पाहिली नाही. जॉर्जियातल्या मेकन गावच्या वेस्लियन फीमेल कॉलेजात १८५१ मध्येच त्यांची पहिली गुप्त मंडळी निघाली होती. १८६७ ते १८७४ या काळात मॉनमाउथ, इंडियाना अ‍ॅस्बरी, सिरॅक्यूज अशा कॉलेजांत एकामागून एक सोरोरिटी उभ्या राहिल्या. मुलगे आणि पुरुष प्राध्यापक यांनी भरलेल्या कॉलेजात मूठभर मुलींना एकमेकींचा आधार हवा होता. त्यांच्या दृष्टीनं हे मंडळ म्हणजे शिक्षण पुरं करता यावं म्हणून केलेली सोय होती.

मग शर्यत लागली. सुरुवातीला फ्रॅटर्निटीत शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी घेतले जात. पण एका घरानं तिसऱ्या वर्षातले चांगले गडी आधीच उचलले, तर बाकीच्यांच्या वाट्याला उरलेसुरले येणार. म्हणून दुसऱ्यानं दुसऱ्या वर्षाकडे हात घातला, तिसऱ्यानं पहिल्या वर्षाकडे, आणि काहींनी तर कॉलेजात पाऊलही न टाकलेल्या शाळकरी पोरांना वचनात बांधलं. आपल्याकडे एसटी स्थानकात शिरायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तोच हा प्रकार. पहिल्यानं रुमाल टाकला की बाकीच्यांना धावावंच लागतं, मग त्यांना मुळात बसायची घाई असो वा नसो. यात कुणी एकटा दुष्ट नाही. प्रत्येक घर आपल्यापुरतं शहाणपणानंच वागतं, आणि सगळ्यांचं मिळून वेडेपण तयार होतं.

यावर पहिला तह केला मुलींनी. २४ मे १९०२ रोजी शिकागोत सात सोरोरिटींच्या प्रतिनिधी एकत्र बसल्या आणि नव्या मुली कधी, कशा घ्यायच्या याचे समान नियम असावेत असं ठरवू लागल्या. त्या बैठकीतून पुढे नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ही शिखर संस्था उभी राहिली. आज तिच्यात २६ सोरोरिटी आहेत. १९२० च्या दशकात या संस्थेनं त्याहून मोठी झेप घेतली. मुलींनी आपला पसंतीक्रम लिहून द्यायचा, घरांनी आपला, आणि मध्यस्थानं दोन्ही याद्या समोर ठेवून जुळणी करायची. संगणक सोडाच, साधं गणकयंत्रही सगळीकडे नव्हतं अशा काळात, बायकांच्या एका संघटनेनं कागद-पेन्सिलीवर केंद्रीय जुळणीचा बाजार चालवून दाखवला.

त्यातली खरी गंमत जगाला कळायला साठेक वर्षं गेली. १९९१ मध्ये सुझन मोंजेल आणि अ‍ॅल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञांनी 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या अतिशय मातब्बर नियतकालिकात चक्क सोरोरिटी रशवर निबंध लिहिला. रॉथ यांचा आवडता प्रश्न असा : ज्या बाजारात पैशाची बोली लागत नाही, दोन्ही बाजूंची पसंती लागते, तिथे जुळणी कशी होते आणि केव्हा मोडते? अमेरिकेतल्या रुग्णालयांतही १९४० च्या दशकात अशीच शर्यत लागली होती. होतकरू डॉक्टरांना पदवीच्या दोन-दोन वर्षं आधी नेमून टाकायची चढाओढ इतकी वाढली, की अखेर १९५० च्या दशकाच्या आरंभी केंद्रीय जुळणी आणावी लागली. मोंजेल आणि रॉथ यांना दिसलं, की सोरोरिटींची पद्धत कागदावर तपासली तर सदोष आहे. सगळ्या मुलींनी प्रामाणिकपणे पूर्ण यादी भरली, तर टिकाऊ जोड्या जमतीलच याची खात्री नाही. पण मुली भाबड्या नव्हत्या. पुष्कळ जणी नियमांचा अंदाज घेऊन यादीत एकच नाव लिहीत, आणि त्यांच्या या धोरणीपणामुळेच ती सदोष पद्धत वर्षानुवर्षं टिकून राहिली. जुळणीच्या या शास्त्रासाठी रॉथ यांना २०१२ मध्ये लॉइड शेपली यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

अकरावीच्या किंवा इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमधून गेलेल्या मराठी घरांना हे गणित परकं वाटायचं कारण नाही. पसंतीक्रम, फेऱ्या, पहिली पसंती मिळाल्यावर ती घेण्याचं बंधन, सगळं ओळखीचं. सोरोरिटीतही शेवटच्या फेरीनंतर मुलगी एका करारावर सही करते. यादीत लिहिलेल्या घराचं बिड आलं आणि तिनं ते नाकारलं, तर त्या कॉलेजातल्या दुसऱ्या कुठल्याही पॅनहेलेनिक घरात तिला पुढच्या मुख्य हंगामापर्यंत जाता येत नाही. फरक इतकाच, की आपल्याकडे कटऑफ गुणांचा असतो आणि तिथे पाच मिनिटांच्या गप्पांचा.

या तहानं शर्यतीला वेसण घातली, पण तारीख मागे गेली ती गेलीच. रश पहिल्या वर्षाच्या उंबरठ्यावर येऊन बसला आणि अभ्यासाशी त्याची खरी गाठ तिथे पडली.

आठवड्याचा हिशेब मांडून पाहू. अमेरिकेत पूर्णवेळ विद्यार्थी सत्राला साधारण १५ क्रेडिट घेतो. एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि दोन तास वर्गाबाहेर अभ्यास, असं धरलं जातं. म्हणजे आठवड्याला ४५ तास, जवळपास पूर्णवेळ नोकरीच. रश स्वतः आठवडा-दोन आठवड्यांत उरकतो. वेळ खातो तो त्यानंतरचा काळ. बिड घेतलं की सहा ते आठ आठवडे नव्या सदस्याची उमेदवारी चालते : दर आठवड्याची सभा, मंडळाच्या इतिहासाचे वर्ग, देणगी गोळा करण्याचे कार्यक्रम, इतर घरांबरोबरच्या मेजवान्या. ऑगस्टमध्ये बिड मिळालं तर हे आठवडे नेमके सत्राच्या मध्यावरच्या पहिल्या परीक्षांवर येऊन आदळतात. कॉलेजात अभ्यास कसा करायचा हे ज्या दिवसांत शिकायचं, त्याच दिवसांत घराचं ब्रीद आणि संस्थापकांची नावं पाठ करायची.

घरांना याची जाणीव नाही असं नाही. जवळजवळ प्रत्येक घराची जीपीएची अट असते. जीपीए म्हणजे ४ पैकी सरासरी गुण, आणि अट बहुधा २.५ ते ३ च्या दरम्यान. प्रत्येक घरात अभ्यासावर देखरेख करणारी एक पदाधिकारी असते. नव्या मुलींना आठवड्यातले ठरावीक तास ग्रंथालयात बसून भरावे लागतात, आल्या-गेल्याची नोंद ठेवून. गुण घसरले की मेजवान्यांना बंदी. वरच्या वर्षाच्या मुली अवघड विषयाला शिकवणी देतात, कुठला प्राध्यापक कसा हे सांगतात, आणि पुष्कळ घरांत जुन्या प्रश्नपत्रिकांची पिढ्यान्‌पिढ्या जपलेली फाइलही असते. गुप्त मंडळाच्या माळ्यावरचा हा सगळ्यात मोलाचा ऐवज.

मग या सगळ्याचा निकाल काय लागतो? इथे एक सुंदर कोडं आहे. अनेक विद्यापीठं दर सत्रानंतर घरागणिक जीपीए प्रसिद्ध करतात, आणि त्यात कित्येकदा दिसतं की सोरोरिटीतल्या मुलींची सरासरी इतर मुलींपेक्षा थोडी वरच आहे. घरं हा तक्ता अभिमानानं दाखवतात. पण ज्या घराच्या दारातच कमी गुणांच्या मुली अडवल्या जातात, त्या घराची सरासरी वर असणारच. खरा प्रश्न वेगळा आहे : हीच मुलगी घरात गेली नसती, तर तिला किती गुण पडले असते?

हे ताडून पाहायची युक्ती विल्यम ईव्हन आणि ऑस्टिन स्मिथ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी काढली. एका मोठ्या सरकारी विद्यापीठात ठरावीक क्रेडिट आणि गुण मिळवल्याशिवाय कुठल्याच घरात प्रवेश नव्हता. त्यांनी या रेषेच्या अगदी अलीकडचे आणि अगदी पलीकडचे विद्यार्थी शेजारीशेजारी ठेवले. एकाला केसभर जास्त गुण पडले म्हणून दार उघडलं, दुसऱ्याला केसभर कमी पडले म्हणून बंद राहिलं. बाकी दोघं सारखेच. उत्तर स्पष्ट आलं. ग्रीक घरात गेल्यानं गुण घटतात. पदवीनंतरच्या पगारात त्याची भरपाई होते का, तेही त्यांनी पाहिलं. तशी काही खूण सापडली नाही.

पगाराबाबत याच्या उलट दिशेचा एक निकाल २०१८ मध्ये छापून आला होता, आणि योगायोग असा की तो लिहिणाऱ्यांत युनियन कॉलेजचे, म्हणजे फ्रॅटर्निटींच्या माहेरचेच, प्राध्यापक होते. एका लहान कॉलेजाच्या माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास करून त्यांनी अंदाज बांधला, की फ्रॅटर्निटीमुळे जीपीए सुमारे ०.२५ नं उतरतो, पण पुढचं उत्पन्न सुमारे ३६ टक्क्यांनी चढतं. ०.२५ म्हणजे किती? सत्रात सारख्या वजनाचे चार विषय असतील, तर एका विषयात 'ए' ऐवजी 'बी' ग्रेड. उत्पन्नाबाबत दोन्ही अभ्यासांचं जमत नाही, आणि ते साहजिक आहे. लहान खासगी कॉलेजातल्या ओळखी आणि मोठ्या सरकारी विद्यापीठातल्या ओळखी एकाच भावानं वटत नाहीत. गुणांबाबत मात्र दोघांचं एकमत आहे.

आणि हा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. एलिझाबेथ आर्मस्ट्राँग आणि लॉरा हॅमिल्टन या समाजशास्त्रज्ञ अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एका मोठ्या विद्यापीठाच्या वसतिगृहात मुक्कामाला राहिल्या आणि एका मजल्यावरच्या मुलींचा त्यांनी पुढे पाच वर्षं माग ठेवला. २०१३ च्या 'पेइंग फॉर द पार्टी' या पुस्तकात त्यांनी जे दाखवलं ते झोंबणारं आहे. सुखवस्तू घरातली मुलगी सोरोरिटीत रमली, सोपा विषय घेतला, गुण बेताचे पडले, तरी आईवडिलांच्या ओळखी आणि पैसा तिला सावरून घेतात. बेताच्या परिस्थितीतली मुलगी त्याच वाटेनं गेली, तर पदवीच्या शेवटी तिच्या हातात बेताचे गुण आणि डोक्यावर कर्ज उरतं. मौजेची किंमत दोघींनी सारखी मोजली, पण एकीच्या खिशात सुटे होते.

यावर विद्यापीठांनी काढलेला तोडगा दिसायला साधा आहे : तारीख पुढे ढकला. कित्येक नामांकित विद्यापीठांत मुख्य रश जानेवारीत होतो, म्हणजे पहिल्या सत्राचा निकाल हातात आल्यावर. डार्टमथमध्ये दुसऱ्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. प्रिन्स्टननं २०१२ मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फ्रॅटर्निटी-सोरोरिटीत जायला बंदीच घातली होती. या ढकललेल्या तारखेनं जीपीएच्या अटीचा अर्थच पालटतो. ऑगस्टमधल्या रशला शाळेतले गुण पाहिले जातात, आणि शाळेतला हुशार मुलगा कॉलेजात टिकेल की नाही हे ते गुण सांगू शकत नाहीत. जानेवारीत तीच अट कॉलेजच्या गुणांना लागते. चाळणी तीच, पण आता तिच्यातून खरं धान्य जातं.

इतकं सोपं असतं तर वाद उरला नसता. २००४ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर आवारात नवशिक्या सदस्याचा दारूनं मृत्यू झाला. त्यानंतर विद्यापीठानं रश पुढे ढकलण्याची आणि घरात जबाबदार माणूस राहायला ठेवण्याची अट घातली. तिथल्या फ्रॅटर्निटींनी २००५ मध्ये करारावर सही करायलाच नकार दिला. विद्यापीठाची मान्यता सोडली, पण तारीख सोडली नाही. हा हट्ट कळायला घराचा जमाखर्च पाहावा लागतो. बंगल्याचं कर्ज, स्वयंपाक्याचा पगार, विम्याचा हप्ता हे कुणी आलं नाही म्हणून थांबत नाही. नवे सदस्य सहा महिने उशिरा आले, तर वर्गणी सहा महिने उशिरा येते आणि पुढच्या वर्षीच्या खाटा रिकाम्या राहायची धास्ती वाढते.

सोरोरिटींचा आक्षेप निराळा आणि जास्त सूक्ष्म आहे. रश जानेवारीत ठेवला, तर ऑगस्ट ते डिसेंबर या साऱ्या महिन्यांचाच अघोषित रश होतो. वर्गात, जेवणाच्या रांगेत, खेळाच्या मैदानात पहिल्या वर्षाच्या मुली आपण कुणाला कशा दिसतोय याच काळजीत राहतात. मुदतीच्या आधी मुलींना गुपचूप वळवण्याला तिथे 'डर्टी रशिंग' म्हणतात, आणि ते रोखायला सदस्य मुलींनी नव्यांशी कुठे, किती बोलावं याचेही नियम करावे लागतात. म्हणजे रॉथ यांच्या बाजारातली जुनी पळापळ मागच्या दारानं परत येते. आठ दिवसांचा ताप बरा की चार महिन्यांची कणकण, असा तो पेच आहे.

रश न करताही घर उभं राहतं, याचं उदाहरण मात्र शंभर वर्षांहून जुनं आहे. १९०५ च्या सुमाराला कॉर्नेल विद्यापीठातल्या मोजक्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सहा जण पुढच्या वर्षी परतलेच नाहीत. गोऱ्या फ्रॅटर्निटींची घरं, त्यांच्या अभ्यासाच्या सोयी, ओळखी, सगळं त्यांना बंद होतं. उरलेल्यांनी आधी एकत्र अभ्यासाचा गट केला, आणि त्यातून ४ डिसेंबर १९०६ रोजी 'अल्फा फाय अल्फा' ही फ्रॅटर्निटी निघाली. पाठोपाठ वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये 'अल्फा कॅपा अल्फा' (कमला हॅरिस यांची सोरोरिटी) आणि १९१३ मध्ये 'डेल्टा सिग्मा थीटा'. या परंपरेत अलाबामासारखा रश नसतो. साधारणपणे आधी कॉलेजात गुण आणि क्रेडिट मिळवायचे, समाजकार्य दाखवायचं, मग अर्ज करायचा. ज्यांच्यासाठी पदवी हातची निसटणं परवडण्यासारखं नव्हतं, त्यांनी आपलं घर अभ्यासाच्या पायावर बांधलं. ही दारं किती काळ वेगळी राहिली, तेही सांगायला हवं. अलाबामातल्या पारंपरिक गोऱ्या सोरोरिटींमधला वर्णभेद विद्यार्थ्यांच्या 'क्रिमसन व्हाइट' या वृत्तपत्रानं वेशीवर टांगला, तो २०१३ मध्ये.

याच वाटेवर पुढे आपली माणसं भेटतात. १९६५ नंतर अमेरिकेत गेलेल्या भारतीयांची मुलं नव्वदच्या दशकात कॉलेजात पोचली आणि त्यांनी स्वतःची ग्रीक अक्षरं घेतली. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला १९९४ मध्ये 'आयोटा नू डेल्टा', टेक्सासच्या ऑस्टिनला १९९८ मध्ये मुलग्यांची 'डेल्टा एप्सिलॉन साय' आणि मुलींची 'कॅपा फाय गॅमा'. न्यू जर्सीतल्या किंवा ह्यूस्टनमधल्या मराठी घरात आज हा विषय फोनवर येतोच. "आई, मी रश करणार आहे," असं मुलगी सांगते. "अगं, आधी पहिल्या सेमिस्टरचा निकाल तर बघू दे," आई म्हणते. बाबांना फक्त वर्गणीचा आकडा ऐकू आलेला असतो. त्यातल्या त्यात आईचं म्हणणं ईव्हन-स्मिथ यांच्या निष्कर्षाच्या जवळ जातं.

अशा घरातल्या मुलानं किंवा मुलीनं काय बघावं? पहिलं, विद्यापीठाचा घरागणिक जीपीएचा तक्ता, पण सदस्य होण्याआधीचे आणि नंतरचे गुण वेगवेगळे विचारून. नव्या सदस्यांचे पहिल्या सत्रातले गुण किती, हा प्रश्न रशच्या गप्पांत बेधडक विचारावा. उत्तर देताना समोरची अडखळली तर तेही उत्तरच. दुसरं, उमेदवारीच्या आठवड्यांचं वेळापत्रक आधी मागून घ्यावं आणि आपल्या विषयांच्या परीक्षांच्या तारखांशेजारी ठेवावं. ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि प्रयोगशाळेचे तास ज्या सत्रात आहेत, ते सत्र उमेदवारीचं नव्हे. तिसरं, वर्गणी, घरभाडं, कपडे, दंड यांची बेरीज आधीच करावी, कारण ती भरायला पार्टटाइम काम धरलं की ते तास पुन्हा अभ्यासातूनच जातात. चौथं, रॅगिंगचा इतिहास. पेन स्टेट विद्यापीठात २०१७ मध्ये बिड स्वीकारण्याच्या रात्री १९ वर्षांच्या मुलाला इतकी दारू पाजली गेली की तो पडला, आणि वेळेवर मदत न मिळाल्यानं जीवानिशी गेला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्यानुसार कॉलेजांना आता अशा प्रकरणांत दोषी ठरलेल्या मंडळांची नावं जाहीर करावी लागतात. ती यादी वाचल्याशिवाय सही करू नये.

आणि पाचवं, थांबायची मुभा असते. पुष्कळ फ्रॅटर्निटी वर्षभर सदस्य घेत राहतात. ज्या सोरोरिटीत जागा उरते, ती मोसमाबाहेरही बिड देऊ शकते. दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांत दुसऱ्या वर्षीच्या मुलींना संधी कमी मिळते हे खरं, पण अमेरिका म्हणजे केवळ टस्कलूसा नव्हे. बहुतेक आवारांत दार वर्षभरानंतरही उघडं असतं.

मेळ घालण्याचा सल्ला सहसा विद्यार्थ्यालाच दिला जातो : डायरी ठेव, पहाटे ऊठ, वेळ वाया घालवू नकोस. सल्ला चुकीचा नाही. पण आजवरचा हिशेब सांगतो, की ओढाताणीचं मूळ तारखेत आहे, आणि ती तारीख विद्यार्थ्याच्या सोयीनं कधीच ठरली नाही. घरं एकमेकांच्या पुढे धावली म्हणून रश पहिल्या तासाच्याही अलीकडे आला. ही घाई मुळात त्या घरांची आपापसातली. ती आपली मानायची की नाही, हे ठरवताना पहिल्या सत्राचा निकाल हातात असलेला बरा.